टाकीतली भरती-ओहोटी

आधीच सांगून टाकते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. मराठी घरी बोलायची आणि शाळेत परीक्षेपुरती लिहायची, एवढाच संबंध. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर संपादक मंडळाने सांभाळून घ्यावं. खरं म्हणजे हा लेख मी इंग्लिश सेक्शनसाठी लिहायला घेतला होता. दोन पानं झालीसुद्धा होती. पण ज्यांनी तो वाचावा असं मला सगळ्यात जास्त वाटतं, ते आमच्या गर्ल्स हॉस्टेलचे पंपवाले काका इंग्लिश वाचत नाहीत. म्हणून ती पानं फाडली आणि मराठीत सुरुवात केली.

विषय तसा रूक्ष आहे: प्रेशर सेन्सरने मोजताना होणाऱ्या चुका. इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांनी हे टॉपिक व्हायवासाठी पाठ केलेलं असेलच. लिनिअ‍ॅरिटी, हिस्टेरिसिस, झिरो ड्रिफ्ट, टेम्परेचर इफेक्ट, चार मार्क, पुढचा प्रश्न. मीही तसंच पाठ केलं होतं. त्या चार मार्कांमध्ये एका माणसाची नोकरी अडकू शकते हे मात्र जर्नलमध्ये कुठे लिहिलेलं नव्हतं.

तर झालं असं. हॉस्टेलमध्ये सकाळी आठला पाणी जातं हे जगजाहीर आहे. साबण लावून उभं राहिल्यावर नळाने फुस्स केलं की काय वाटतं, हे मी वर्णन करायची गरज नाही. तिसऱ्या वर्षाच्या मिनी प्रोजेक्टसाठी विषय शोधत होतो तेव्हा माझी पार्टनर म्हणाली, गच्चीवरच्या टाकीत पाणी किती आहे ते खाली नोटीस बोर्डाजवळ दिसलं तर? निदान बादल्या तरी भरून ठेवता येतील. सरांना आयडिया आवडली. झालं, प्रोजेक्ट ठरला.

पाण्याची उंची प्रेशरने मोजणं तत्त्वतः फार सोपं आहे. पाण्याचा दर दहा सेंटिमीटरचा थर तळावर साधारण एक किलोपास्कल दाब टाकतो. आमची टाकी १५,००० लिटरची, ओव्हरफ्लोपर्यंत दोन मीटर खोल. म्हणजे भरलेल्या टाकीच्या तळाशी १९.६ किलोपास्कल. एमपीएक्स ५०५० नावाचा सेन्सर मिळतो, शून्य ते ५० किलोपास्कल मोजणारा. तो पाण्यात बुडवायचा नसतो, त्याच्या तोंडाला फक्त कोरडी हवा चालते. म्हणून आम्ही चार मीटरची बारीक सिलिकॉनची नळी घेतली. दोन मीटर टाकीत, तिचं उघडं टोक तळाशी. उरलेली दोन मीटर गच्चीच्या स्लॅबवरून सेन्सरच्या डब्यापर्यंत. नळीत हवा अडकते, पाणी त्या हवेला दाबतं आणि हवा सेन्सरला दाबते. तिथून पुढे आर्डुइनो, डिस्प्ले आणि दर पाच मिनिटांनी रीडिंग साठवणारं कार्ड.

टाकी धुवायच्या दिवशी नळी बसवली. काका स्वतः आत उतरले होते, त्यांनीच ती क्लॅम्पने भिंतीला पक्की केली. दुपारी पंप सुरू झाला, टाकी भरली, ओव्हरफ्लोच्या पाइपातून धार पडली. आम्ही डिस्प्लेकडे बघतोय तर रीडिंग १.४७ मीटर! दोन मीटर कुठे आणि १.४७ कुठे. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. प्रेझेंटेशन परवावर आलेलं. मग आम्ही तेच केलं जे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या करत आलेत: प्रोग्रॅममध्ये १.३६ ने गुणलं. रीडिंग बरोब्बर २.००. रिपोर्टमध्ये याला आम्ही 'कॅलिब्रेशन' म्हटलं.

इथे थांबून एक गोष्ट सांगायला हवी, कारण तेव्हाच आमच्या लक्षात यायला हवं होतं. सेन्सरच्या डेटाशीटमध्ये अचूकता अडीच टक्के दिलेली आहे. ती वाचताना एक ठेच सगळ्यांना लागते. हे अडीच टक्के आपल्या रीडिंगचे नसतात, पूर्ण रेंजचे असतात. ५० किलोपास्कलचे अडीच टक्के म्हणजे सव्वा किलोपास्कल, म्हणजे जवळपास तेरा सेंटिमीटर पाणी. टाकी भरलेली असो वा तळाला गेलेली असो, तेरा सेंटिमीटर इकडेतिकडे व्हायची सेन्सरला परवानगी आहे. तळाशी वीस सेंटिमीटर पाणी उरलेलं असताना तेराची चूक म्हणजे अर्ध्याहून जास्त! म्हणून गरजेपेक्षा मोठ्या रेंजचा सेन्सर 'असू दे, सेफ आहे' म्हणून घेऊ नये. पण मुद्दा तो नाही. परवानगी तेराची होती आणि आमची चूक त्रेपन्नची. म्हणजे चोर सेन्सरच्या बाहेर होता. आम्ही मात्र चोराला १.३६ ने गुणून घरात घेतलं.

प्रोजेक्टला चांगले मार्क पडले. डिस्प्ले नोटीस बोर्डाशेजारी लागला. मुली येता-जाता बघायच्या, मला फार भारी वाटायचं. रेक्टर मॅडमनी आठवड्याचा ग्राफ प्रिंट करून लावायला सांगितला.

पाच आठवड्यांत त्या ग्राफने दोन गोष्टी दाखवायला सुरुवात केली. एक, टाकी आता कधीच पूर्ण भरत नव्हती. पंप बंद होतानाची पातळी दोन मीटरवरून हळूहळू दीड मीटरवर आली. दोन, रात्रीत टाकीतून हजारएक लिटर पाणी जास्तीचं जात होतं, जेव्हा सगळ्या झोपलेल्या असतात. सकाळी आठला पाणी जाणं चालूच होतं. दोन आणि दोन चार करायला कुणाला शिकवावं लागत नाही. काका पंप लवकर बंद करून निघून जातात. काका रात्री पाणी कुणाला तरी सोडतात. शेजारी बांधकाम चालू आहे ना, मग? एका मीटिंगमध्ये माझा ग्राफ टेबलावर ठेवला गेला आणि काकांना मेमो मिळाला. सात दिवसांत लेखी उत्तर द्या.

काकांकडे एक बांबूची काठी आहे. तिच्यावर खिळ्याने खुणा केल्यात. रोज रात्री दहाला आणि सकाळी सहाला ते गच्चीवर जाऊन काठी टाकीत सोडतात, ओली खूण बघतात आणि छोट्या डायरीत लिहितात. ती डायरी घेऊन ते माझ्याकडे आले होते. "ताई, माझ्या काठीवर तर रात्रीत दोन-तीन बोटंच उतरतंय. तुमच्या मशीनमध्ये काय गडबड नाही ना?"

मी काय म्हणाले ते लिहायची लाज वाटते, तरी लिहिते. मी म्हणाले, "काका, काठीपेक्षा सेन्सर अचूक असतो."

ते काही बोलले नाहीत. डायरी खिशात घातली आणि गेले.

होळीच्या सुट्टीत मजल्यांवरच्या पाइपलाइनची दुरुस्ती निघाली. मुली घरी गेल्या, टाकीचा खाली जाणारा व्हॉल्व्ह चार दिवस बंद. मी सबमिशनमुळे थांबले होते. तिसऱ्या दिवशी सहज कार्डवरचा डेटा उघडला आणि बघतच राहिले. दुपारी चारपासून पहाटे सहापर्यंत पातळी सोळा सेंटिमीटर खाली. ठीक आहे, गळत असेल कुठेतरी. पण सकाळी नऊपासून पुढे ती परत वर! दुपारी होती तिथल्या तिथे. पुन्हा रात्री खाली, पुन्हा दिवसा वर. पंप बंद, व्हॉल्व्ह बंद आणि टाकीत पाणी वाढतंय. चोर पाणी नेतो हे मानता येईल, पण रोज सकाळी परत आणून ओततो?

समुद्राची भरती-ओहोटी चंद्रामुळे होते. माझ्या टाकीची सूर्यामुळे होत होती. नळीचा अर्धा भाग उघड्या स्लॅबवर पडलेला. मार्चच्या दुपारी ती पंचेचाळीस डिग्रीपर्यंत तापणार, पहाटे वीसवर येणार. आत अडकलेली हवा थंड झाली की आकसते. आकसली की तिच्या मागोमाग पाणी नळीत वर सरकतं. आता सेन्सरला काय दिसतं? त्याला टाकीतल्या पाण्याची उंची दिसतच नाही. त्याला दिसतं टाकीची पातळी आणि नळीच्या आतली पातळी यांतलं अंतर, एवढंच. पाणी नळीत बारा सेंटिमीटर चढलं की रीडिंग बारा सेंटिमीटरने उतरणार. मी कागदावर हिशोब केला. बाहेरची दोन मीटर नळी पंचवीस डिग्रीने थंड झाली तर पाणी बरोबर तेवढंच, बाराएक सेंटिमीटर चढतं. त्याला माझ्या लाडक्या १.३६ ने गुणा. सोळा. टाकीच्या क्षेत्रफळाने गुणा. बाराशे लिटर. ही काकांनी विकलेली पाण्याची गाडी.

एकदा ही गोष्ट दिसली की बाकीचं आपोआप उलगडतं. पहिल्या दिवशीचे त्रेपन्न सेंटिमीटर कुठे गेले होते? आमच्या पठारावर वातावरणाचा दाब साधारण ९५ किलोपास्कल असतो. टाकी भरताना पाण्याने नळीतल्या हवेला दाबलं आणि ती आकसली, बॉइलच्या नियमाप्रमाणे. चार मीटर नळीचं गणित केलं तर पाणी आत त्रेपन्न सेंटिमीटर घुसतं. सेन्सरने १.४७ दाखवलं ते शंभर टक्के खरं होतं. त्याच्या तोंडावर तेवढाच दाब होता. खोटं आमच्या गुणाकारात होतं.

आणि महिन्याभरात दोनाचे दीड मीटर कसे झाले? हवा हळूहळू निसटत होती. सिलिकॉन रबरातून वायू झिरपतात, हे मला नळी विकत घेताना माहीत नव्हतं. मऊ असते, वाकते, पारदर्शक दिसते म्हणून घेतली. सांध्यावर आम्ही केबल टाय मारला होता, तोही काही आदर्श नव्हता. थोडी हवा जाते, थोडं पाणी वर येतं, रीडिंग थोडं उतरतं. रोज एखाद-दीड सेंटिमीटर. टाकी पूर्ण रिकामी झाली असती तर नळीत नवी हवा भरून सगळं पूर्ववत झालं असतं. पण गाळ नळात येऊ नये म्हणून टाकीचा आउटलेट तळापासून वर असतो, आणि आमच्या नळीचं टोक त्याच्याही खाली. त्यामुळे टोक कधी उघडं पडलंच नाही. शून्य तपासायची वेळही कधी आली नाही, आणि ज्या उपकरणाचं शून्य तपासता येत नाही त्याच्या बाकीच्या आकड्यांना काय अर्थ?

खात्री करायला मी होस्टेलच्या सायकलचा पंप घेऊन गच्चीवर गेले. काकांनाही बोलावलं. काठीने मोजलं: १.९४ मीटर. डिस्प्लेवर १.४८. मग नळीला टी जोडून पंप मारला, तळातून बुडबुडे येईपर्यंत. म्हणजे आता नळीत पाण्याचा थेंब नाही, हवा तळापर्यंत. डिस्प्ले चढत चढत थांबला २.६४ वर. दोन मीटरच्या टाकीत! काका हसायला लागले. मीही हसले, पण रडू पण येत होतं. १.३६ काढून टाकलं. १.९४.

बाकीच्या चुका भरभर सांगते. सप्लायचा व्होल्टेज हलला तर आउटपुट हलतं, पण सेन्सर आणि आर्डुइनो दोघांना एकाच पाच व्होल्टवर ठेवलं तर दोघं बरोबर हलतात आणि चूक कटते. पंप चालू असताना रीडिंग नाचतं, तेव्हा सरासरी घ्यावी. घर्षणाचीही एक चूक असते, ती आमच्या सेन्सरमध्ये नाही पण काट्याच्या गेजमध्ये असते. वर्कशॉपमधले मामा काचेवर बोटाने टिचकी मारून मगच काटा वाचतात ते उगाच नाही.

उंचीची चूक स्टाफमधल्या सर-मॅडमच्या कामाची आहे. नळीत हवेऐवजी पाणी किंवा दुसरं द्रव असेल तर सेन्सर किती वर-खाली आहे त्यानेही रीडिंग बदलतं. आपल्या शरीरातल्या नळ्यांमध्ये रक्त आहे. बीपी मोजताना हात हृदयाच्या दहा सेंटिमीटर खाली असेल तर आकडा सात-आठने जास्त येतो. मशीन बरोबर, पट्टा बरोबर, हात चुकीच्या ठिकाणी. तेव्हा हात टेबलावर, हृदयाच्या उंचीला ठेवा.

एक चूक आम्ही करता करता वाचलो. आमच्या सेन्सरला दोन तोंडं असतात. एकाला मोजायचा दाब, दुसरं वातावरणाला उघडं. तो दोघांतला फरक सांगतो. दव-पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून मी डबा एम-सीलने गच्च बंद केला होता. सरांनी बघितल्या बघितल्या त्याला खालून भोक पाडायला लावलं. डबा बंद असता तर आतली हवा उन्हात तापून तिचाच दाब कित्येक किलोपास्कलने वाढला असता आणि दुसरं तोंड त्यालाच वातावरण समजलं असतं. तेव्हा सरांनी एका विमानाची गोष्ट सांगितली होती. २ ऑक्टोबर १९९६, एरोपेरूची फ्लाइट ६०३, लिमाहून सँटियागोला निघालेलं बोइंग ७५७. विमानाची उंची आणि वेग मोजायला बाहेरच्या हवेचा दाब लागतो, त्यासाठी अंगावर छोटी भोकं असतात. सफाई करताना त्यांच्यावर चिकटपट्टी लावली होती आणि ती काढायची राहिली. रात्रीची वेळ, खाली काळा समुद्र. उपकरणं भलतंच दाखवायला लागली तेव्हा वैमानिकांनी शहाणपणाने कंट्रोल टॉवरला विचारलं की आमची उंची किती आहे? टॉवरने स्क्रीनवर बघून सांगितलं, ९,७०० फूट. प्रत्यक्षात ते पाण्याला टेकत आले होते. टॉवरच्या स्क्रीनवरचा आकडासुद्धा त्याच विमानाच्या त्याच बुजलेल्या भोकांवरून आलेला होता. सत्तर माणसं गेली.

ही गोष्ट ऐकली तेव्हा मी भोक पाडलं आणि विसरून गेले. पण आता वाटतं, मीटिंगमध्ये जे झालं ते हेच होतं. डिस्प्ले दीड मीटर म्हणतोय, ग्राफही दीड मीटर म्हणतोय, कार्डवरचा डेटाही तेच म्हणतोय. तीन साक्षीदार, म्हणजे खरंच असणार! पण तिघांच्या मागे एकच नळी होती. वेगळा साक्षीदार फक्त एक होता आणि तो बांबूचा होता. त्याला मी गप्प केलं.

सुट्टी संपल्यावर मी सगळा हिशोब चार पानांत लिहून रेक्टर मॅडमना दिला, खाली सही केली. काकांच्या डायरीची झेरॉक्स जोडली. मॅडमनी शांतपणे वाचलं आणि मेमो मागे घेतला. लेखी. त्यांनी विचारलं, "मग पाणी आठला का जातं?" तेही डायरीत होतंच. हॉस्टेलला माणशी रोज १३५ लिटर धरतात, भारतीय मानकाप्रमाणे. यंदा आपण एकशे साठजणी आहोत. म्हणजे २१,६०० लिटर लागतात आणि टाकी १५,००० ची. ती दिवसातून दोनदा भरावी लागते आणि खालच्या टाकीत पाणी एकदाच येतं. काका हे दोन वर्षांपासून सांगत होते. त्यांच्याकडे ग्राफ नव्हता.

काकांची माफी मागितली तेव्हा ते म्हणाले, "जाऊ दे ताई, तुम्हीच शोधून काढलंत ना." मला त्याने अजिबात बरं वाटलं नाही. कारण ती सुट्टी आणि तो बंद व्हॉल्व्ह नसता तर मी कधीच शोधलं नसतं. माझा मशीनवर विश्वास होता, आणि सात दिवसांपैकी पाच संपले होते.

नळी आता बदलली आहे. नवीन टोकाला दोन लिटरचा रुंद तोंडाचा प्लास्टिकचा डबा उलटा लावलाय. तो तरंगू नये म्हणून सिव्हिलच्या लॅबमधून मागून आणलेल्या काँक्रीटच्या क्यूबला बांधलाय. युक्ती जुनीच आहे. हवा आकसली तरी पाणी रुंद डब्यात पसरतं, त्यामुळे त्रेपन्न सेंटिमीटरच्या जागी तीनच सेंटिमीटर चढतं. रात्रीची ओहोटी तर मोजताही येत नाही. दर सोमवारी सकाळी सहाला सायकलचा पंप मारून हवा ताजी करतो, आणि त्याच वेळी काठीचं माप घेतो. काकांनी डायरीत आता दोन रकाने आखलेत, 'काठी' आणि 'मशीन'. फरक तीन बोटांच्या वर गेला की ते मला हाक मारतात.

ज्यांना बघायचं असेल त्यांनी सोमवारी या. गच्चीची किल्ली काकांकडे असते.